चौदाव्या प्रश्नाचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते. या सत्रात दोन श्रेयांकांचा एक कोर्स पूर्ण ऑनलाइन आहे. विद्यार्थी १८०. पहिली चाचणी गुगल फॉर्मवर घेतली. ३० प्रश्न, ३० गुण, सकाळी नऊ ते रात्री नऊ कधीही सोडवा असं सांगितलं होतं. निकाल पाहून डोकं चक्रावलं. जवळजवळ सगळ्यांना २८, २९ नाहीतर ३०. वर्गात 'मध्यक' (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) म्हटलं की खाली बघणारी मुलंसुद्धा २९ वर! चौदाव्या प्रश्नाला ६३ जणांनी एकच चुकीचं उत्तर दिलंय, म्हणजे ग्रुपवर फिरलेलं उत्तरच चुकीचं होतं. एका मुलीला मात्र १९. ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी कुठल्याच ग्रुपवर नाही. मीच येडी ठरले का?" मला उत्तर देता आलं नाही.

प्राचार्य म्हणतात, कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर विकत घेऊ आणि त्या ६३ जणांना शून्य द्या. गृहपाठ तर सगळा चॅटजीपीटीचाच वाटतो. मी काय करू? चौदावा प्रश्न आणि त्या मुलीची उत्तरपत्रिका (नाव झाकून) सोबत पाठवते आहे.

– एक हैराण शिक्षिका, विदर्भ

उत्तर

मॅडम, कुणालाही शून्य देऊ नका. निदान हे उत्तर शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत तरी नको. तुमचा चौदावा प्रश्न मी कागद-पेन घेऊन सोडवला. त्यात एक घोळ आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी चाचणीबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळ्यांना तेच ३० प्रश्न, त्याच क्रमाने, आणि दार बारा तास उघडं. सकाळी नऊला एखाद्या हुशार पोराने ते सोडवले, पानांचे फोटो काढले आणि टाकले ग्रुपवर. दहानंतर ती चाचणी संख्याशास्त्राची राहिलीच नाही, कोण कुठल्या ग्रुपवर आहे याची झाली. त्या परीक्षेत तुमची ती मुलगी नापास झाली, एवढाच त्या १९ गुणांचा अर्थ.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, तोंड पोळून घेतलंय म्हणून सांगतो. २०२० साली २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग आयुष्यभर गुरवाच्या घंटेसारखी तासाची घंटा ऐकून पेपर गोळा करणारे आम्ही सगळे एकदम बहुपर्यायी प्रश्न तयार करायला बसलो. त्या धावपळीत मी माझ्या वर्गाची एक सराव चाचणी फॉर्मवर घेतली. अगदी तुमच्यासारखीच, दिवसभर उघडी. एका मुलाला आधीच्या चाचणीत ११ होते, या वेळी २८. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन तासाला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अचानक फार हुशार झालास रे." पोरं हसली. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसापासून कॅमेरा बंद ठेवायला लागला. पंधरा दिवसांनी त्याचे व्हॉट्सअॅपवर सहा फोटो आले, सोबत एक शब्दही नाही. दूध डेअरीच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने तीसही गणितं सोडवली होती. खाडाखोडीसकट. जी दोन चुकली तीसुद्धा त्यात तशीच होती. मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "चालतंय सर." मला ते अजून चालत नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या. नुसते गुण बघून कुणाला चोर म्हणायचं नाही. आणि चाचणी कुठलीही असो, कच्चं काम मागायचंच.

तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, म्हणून एक हिशेब तुमच्याच भाषेत मांडतो. पुढच्या वेळी कुणीतरी येऊन सांगेल की "या दोघांची आठच्या आठ चुकीची उत्तरं सारखी आहेत, मॅडम, आणखी काय पुरावा हवा?" चार पर्यायांत तीन चुकीचे. दोघांचाही प्रश्न चुकला असेल, तर नुसत्या योगायोगाने चुकीचा पर्याय तोच असण्याची शक्यता एक तृतीयांश. आठ प्रश्नांत तसं होण्याची शक्यता ६,५६१ मध्ये एक. ऐकायला भक्कम वाटतं. पण १८० विद्यार्थ्यांच्या जोड्या किती होतात? १६,११०. प्रत्येक जोडीचे असे आठ समाईक चुकलेले प्रश्न आहेत असं धरलं, तर कुणीही कॉपी न करता दोन-तीन जोड्या अशा निघतीलच. शिवाय सगळे चुकीचे पर्याय सारखेच फसवे नसतात. आपणच मुद्दाम एक असा ठेवतो की नेहमीची चूक करणारा थेट त्यातच पडावा. म्हणजे खऱ्या वर्गात योगायोग याहूनही जास्त. सारख्या चुका दिसल्या तर त्या मुलांना बोलवावं, विचारावं. शिक्षा करायला एवढं पुरत नाही.

आता प्राचार्यांच्या सॉफ्टवेअरकडे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात अशाच एका प्रसिद्ध प्रॉक्टरिंग (म्हणजे परीक्षेवर लांबून नजर ठेवणाऱ्या) प्रणालीची परीक्षा घेतली गेली. २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. संगणकशास्त्राचे ३० विद्यार्थी, त्यांतल्या सहा जणांना आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही कॉपी करायची. सॉफ्टवेअरने त्या सहांपैकी एकालाही पकडलं नाही. त्याच वर्षी प्रॉक्टरयू या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की माणसाच्या देखरेखीशिवाय, फक्त यंत्राच्या भरवशावर चालणारी सेवा आम्ही यापुढे विकणार नाही. स्वतःचा माल दुकानदारच परत घेतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय समजायचं ते समजावं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संघीय न्यायालयाने तर क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाला सांगितलं की परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावणं घटनेत बसत नाही. अमेरिकेतला निकाल आपल्याला लागू नाही, हे खरं. पण तिथल्या विद्यार्थ्याला स्वतःची खोली होती. तुमच्या १८० पैकी किती जणांना आहे? दोन खोल्यांच्या घरात आजी पाणी प्यायला मागून गेली की यंत्र तिची 'संशयास्पद हालचाल' म्हणून नोंद करणार. बाळंतपणाला आलेली बहीण त्याच खोलीत असते, आंघोळीहून आलेले वडील त्याच खोलीत असतात. ते सगळं कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर साठवायचं, आणि कशासाठी, तर ३० गुणांच्या चाचणीसाठी. मला हे असभ्य वाटतं.

चॅटजीपीटी ओळखणाऱ्या यंत्रांचीही तीच कथा. ते साधन बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये एक ओळखयंत्र काढलं. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता येत होता, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर ते उगाच आळ घेत होतं. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. सरासरीने निम्म्याहून जास्त निबंधांवर 'यंत्राने लिहिलं' असा शिक्का बसला. कारण साधं आहे. परकी भाषा लिहिणारा मोजके शब्द आणि ठरावीक वाक्यं वापरतो, आणि यंत्राला तसंच लेखन यांत्रिक वाटतं. आपली मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत असाइनमेंट कशी लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या गळ्यात हा आळ घालू नका.

बरं, मग करायचं काय?

माझं मत असं की आपण पहारा वाढवतो तिथेच हरतो. पहाऱ्याच्या बाबतीत मुलं आपल्यापेक्षा शंभर पावलं पुढे आहेत, आणि ती १८० आहेत, आपण एकटे. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे, आणि तरीही बोर्डाची परीक्षा आली की भरारी पथकं पळतातच. आपल्या हातात आहे ते वेगळं. फिरवलेलं उत्तर दुसऱ्याच्या उपयोगाचंच नसेल असा प्रश्न काढायचा. आणि ज्या गुणांवर निकाल लागतो ते गुण समोरासमोर मिळवायला लावायचे.

उत्तर निरुपयोगी कसं करायचं ते आपल्या विषयात सगळ्यात सोपं आहे. प्रत्येकाला वेगळे आकडे द्या. एवढंच. '४०, ४४, ४७, ५२ आणि ६० + क यांची सरासरी काढा, क म्हणजे तुमच्या हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक.' ज्याचा क शून्य त्याचं उत्तर ४८.६, ज्याचा ७ त्याचं ५०. उत्तरसूची गुगल शीटमध्ये एका सूत्राने तयार होते, हजेरीच्या यादीशेजारी एक रकाना वाढवायचा, बस. दोन प्रश्नांत शेवटचा अंक घ्या, दोनांत शेवटचे दोन अंक, एखाद्यात जन्मतारखेचा दिवस. मुलं मग ग्रुपवर उत्तर टाकूच शकत नाहीत, फार तर रीत टाकू शकतात. टाकू द्या. "अरे, आधी ६० मध्ये क मिळव, मग पाचने भाग" असं एक पोरगं दुसऱ्याला रात्री अकरा वाजता समजावत असेल, तर ते तुमचंच काम फुकटात करतंय. आणि शेजाऱ्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवणारा शेजाऱ्याच्याच क्रमांकासह उघडा पडतो, त्याला पकडायला कॅमेरा लागत नाही.

महाविद्यालयात मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायची प्रणाली) असेल तर हे काम ते स्वतः करतं. त्यात आकडे आपोआप बदलणारा प्रश्नप्रकार आहे, आणि प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न काढून देण्याची सोय आहे. गुगल फॉर्मला पेढी जमत नाही, पण प्रश्न आणि पर्याय दोन्हींचा क्रम पिसता येतो. तेवढं तरी कराच. दिवसभराची मुभा बंद करा. घरात एकच मोबाइल असतो हे मान्य, म्हणून दोन वेळा ठेवा, सकाळी एक आणि वडील कामावरून आल्यावर रात्री एक, दोन्हींचे प्रश्न वेगळे. गुण आणि बरोबर उत्तरं दोन्ही तुकड्या झाल्यावरच दाखवा. ही एक खूण बदलायला विसरून कित्येकांच्या चाचण्या पाण्यात गेल्यात. पण कॉपी थांबवायची म्हणून वेळ इतकी आवळू नका की हळू लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. एखादा दिव्यांग विद्यार्थी असेल तर त्याला तासाला किमान २० मिनिटं जास्त देणं हा नियमच आहे, तो ऑनलाइन परीक्षेत सगळे विसरतात.

चाचणी संपल्यावर दहा मिनिटांत कच्च्या कामाचा फोटो. पावतीच्या मागे असो नाहीतर रद्दी वहीत, चालेल. सगळे १८० तपासायचे नाहीत, पण असायला हवेत. कच्चं काम नक्कल करून लिहिणं शक्य आहे, करतीलही काही. मात्र वेगळ्या आकड्यांनी ते लिहिताना निम्मं गणित करावंच लागतं. तेवढं शिकले तरी मी खूश.

गृहपाठाचा प्रश्न मात्र निराळा. 'प्रमाण विचलनाचे गुणदोष लिहा' (म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाचे) असा गृहपाठ आपण वर्षानुवर्षं देत आलो. तो चॅटजीपीटी यायच्या आधीही कुणी लिहीत नव्हतं, महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. (मोबदला ठरलेला असायचा, सुवाच्य अक्षराचे जास्त.) यंत्राने फक्त झेरॉक्सवाल्याचा धंदा बसवला. तसा प्रश्न काढूनच टाका.

त्याऐवजी त्यांना घरचं वीजबिल काढायला सांगा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. ते युनिट उतरवा, सरासरी काढा, मध्यक काढा, प्रमाण विचलन काढा, आणि शेवटी चार ओळी लिहा: सगळ्यात जास्त वापर कोणत्या महिन्यात झाला आणि तुमच्या घरात त्या महिन्यात काय चाललं होतं? यंत्राला सरासरी काढता येते. पण मे महिन्यात कूलर दोन झाले कारण मामा-मामी मुंबईहून आली होती, किंवा फेब्रुवारीत युनिट शून्य कारण सगळे ऊसतोडीला गेले होते, हे त्याला कुठून कळणार? एक सांभाळा, बिलाचा फोटो मागवू नका. त्यावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक असतो, कधी थकबाकीही असते आणि ती मुलाला लपवायची असते. फक्त आकडे मागा. ज्याच्या घरी मीटर नाही त्याला बाजार समितीतले कांद्याचे नाहीतर सोयाबीनचे बारा दिवसांचे भाव चालतील.

हेही कुणी बनवून लिहिलं तर? लिहील. म्हणून पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. विचारा. तोंडी.

१८० जणांची तोंडी परीक्षा घ्यायला, चार मिनिटं प्रत्येकी धरली तरी, बारा तास लागतील हे मला कळतं. सगळ्यांची घेऊच नका. आपण संख्याशास्त्राची माणसं, नमुना काढा! ऑनलाइन तासाला सगळ्यांसमोर यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून ५४ क्रमांक काढा, म्हणजे ३० टक्के. चार मिनिटं प्रत्येकी, साधारण साडेतीन तासांत काम आटोपतं. साध्या फोनवर होतं, व्हिडिओही लागत नाही. सत्रात तीन गृहपाठ असतील तर तीनदा चिठ्ठ्या निघणार. मुलं लगेच हिशेब करतील की एकदाही नंबर न लागण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे साधारण ३४ टक्के. करू द्या, तो अभ्यासक्रमातच आहे. तीनांत दोनदा तरी पकडले जाऊ, असं गणित बसलं की बहुतेकांना गृहपाठ स्वतः करणं स्वस्त वाटायला लागतं. इथे एक चूक मी मुद्दाम सोडली आहे. 'दोनदा' नव्हे, 'तीनांत दोन जण, निदान एकदा'. तुमच्या वर्गात हे वाक्य लिहून चूक कोण पकडतं ते बघा.

फोनवर नवा प्रश्न विचारायचा नाही. त्यानेच लिहिलेलं त्यालाच विचारायचं. "तुझं मध्यक सरासरीपेक्षा कमी का आलं?" "मे महिना काढून टाकला तर विचलन वाढेल की घटेल?" ज्याने स्वतः केलंय तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने नाही केलं तो "मॅडम, रेंज जातेय" म्हणतो. रेंज खरंच जाते, हे लक्षात ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावा.

आणि सांगता आलं नाही तर? इथे 'कॉपी केली' असा शब्दसुद्धा लिहायचा नाही. त्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात येऊन तेच गणित वेगळ्या आकड्यांनी तुमच्यासमोर सोडवायचं, आणि गुण त्याचे धरायचे. हा नियम सत्राच्या पहिल्या दिवशी लिहून जाहीर करा. घाबरून बोबडी वळलेल्या मुलालाही त्यातून मार्ग मिळतो, आणि तुम्हाला कुणाची चोरी सिद्ध करत बसावं लागत नाही. त्याच कागदावर हेही लिहा की काय चालतं आणि काय नाही: मित्राशी चर्चा चालते, यंत्राकडून रीत समजून घेणं चालतं पण घेतली तर तसं सांगायचं, दुसऱ्याचे आकडे चालत नाहीत. निम्म्या मुलांना ही रेघ कुठे आहे तेच कुणी सांगितलेलं नसतं.

कुणी म्हणेल, चाचणीच्या वर 'मी प्रामाणिकपणे सोडवेन' अशी प्रतिज्ञा घाला, मग मुलं खोटं करत नाहीत. घालायची तर घाला, माझी हरकत नाही. पण २०१२ मध्ये ज्या शोधनिबंधामुळे 'सही आधी घेतली की माणूस खरं बोलतो' हे जगभर पसरलं, तो २०२१ मध्ये मागे घेण्यात आला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट निघाली. प्रामाणिकपणावरचा निबंध. मी आठवडाभर हसत होतो.

प्राचार्यांना काय सांगायचं तेही देतो, कारण नुसतं 'सॉफ्टवेअर नको' म्हणाल तर तुम्हीच आळशी ठराल. त्यांना एनपीटीईएलचं उदाहरण द्या. आयआयटींचे हे ऑनलाइन कोर्स तुमच्याकडेही काही मुलं करत असतील. त्यांच्या आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला यूट्यूबवर हजर असतात. आयआयटीवाल्यांना ते माहीत नाही असं थोडंच आहे? त्यांनी असाइनमेंटला २५ टक्के ठेवले आणि केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्र हवं तर दोन्हींत वेगवेगळं किमान गाठावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. यूट्यूबवरून पंचवीसच्या पंचवीस मिळवले तरी पुढचे तीस स्वतःच आणावे लागतात.

तुमचा कोर्स ऑनलाइन आहे म्हणून परीक्षाही ऑनलाइनच हवी, असं कुठे लिहिलंय? तुमच्या महाविद्यालयात संगणक कक्ष असेलच. ३० यंत्रं चालू स्थितीत धरली (किती चालू आहेत ते आधी बघा) तर १८० मुलांच्या सहा तुकड्या, प्रत्येकी ४० मिनिटं, एका दिवसात चाचणी संपते. सेफ एक्झाम ब्राउझर नावाची प्रणाली आहे, स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमध्ये तयार झालेली, फुकट. ती चालू असताना संगणकावर दुसरं पान उघडत नाही, आणि ती मूडलशी जोडता येते. विंडोज, मॅक, आयपॅडवर चालते, अँड्रॉइड मोबाइलवर नाही. म्हणजे घरच्या परीक्षेला तिचा उपयोग नाही, कक्षात मात्र चोख. पाच मिनिटांपूर्वी बाहेर पडलेली तुकडी पुढच्यांना प्रश्न सांगणारच, म्हणून तुकडीगणिक आकडे वेगळे. गावाकडून येणाऱ्यांना एसटीच्या वेळेप्रमाणे तुकडी निवडू द्या. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे वाचले, ते चार नवे माउस घ्यायला वापरा म्हणावं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला दिसते. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात, तोंडी परीक्षेचे साडेतीन तास आणि शंभर फोटो बघण्याची रात्र यांचे कुणी देत नाही. कायम नोकरी केलेल्या माणसाने पेन्शन खात तुम्हाला 'अजून थोडं करा' असं सांगणं सोपं आहे, याची मला लाज वाटते. तेव्हा वाढवू नका, बदला. तीन गृहपाठांचे दोन करा. एका आठवड्याचं व्याख्यान रेकॉर्ड केलेलं असेल तर त्या तासाला तोंडी घ्या आणि नोंद तास म्हणूनच करा, प्राचार्यांची लेखी संमती घेऊन. सगळं एकदम करायचं झेपणार नसेल तर फक्त वेगळे आकडे आणि चिठ्ठ्या, एवढ्या दोनच गोष्टींनी सुरुवात करा. संगणक कक्षाचं पुढच्या सत्रात बघू.

आता ती मुलगी. तिला 'तू प्रामाणिक आहेस, तुझं कौतुक' असं म्हणून पाठवू नका. तिला त्याचा काही उपयोग नाही, तिचे गुण १९ च राहतात. तिला उत्तरपत्रिका घेऊन बोलवा. १८० जणांत काय येतं आणि काय येत नाही हे तुम्हाला फक्त तिच्याबद्दल नक्की माहीत आहे. तिची पत्रिका मी पाहिली. अकरा चुकांतल्या पाच वर्गीकृत सामग्रीच्या (गटांत मांडलेल्या आकड्यांच्या) मध्यकाच्या आहेत, सगळ्या एकाच जागी, संचित वारंवारता (गटागणिक वाढत जाणारी बेरीज) घेताना. अर्ध्या तासात सुटेल असा गुंता आहे. बाकीच्या १७९ जणांचा तोच गुंता असेल का? बहुतेक असेल. २९ गुणांनी तो तुमच्यापासून लपवला. म्हणजे पुढचा तास कशावर घ्यायचा हे त्या एका मुलीनेच तुम्हाला सांगितलंय, आणि हे तिला जरूर कळू द्या.

राहिला चौदावा प्रश्न. '४, ६, ८, १०, १२ या निरीक्षणांचे प्रमाण विचलन किती?' तुमच्या सूचीत २.८३ बरोबर आहे, ६३ जणांनी ३.१६ निवडलं. सरासरी ८, तिच्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४०. पाचने भागली तर ८, त्याचं वर्गमूळ २.८३. चाराने भागली तर १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. ही निरीक्षणं संपूर्ण समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते सगळेच आकडे, असतील तर पाचने भागायचं, नमुना, म्हणजे त्यांतले निवडक, असेल तर चाराने. तुमच्या प्रश्नात ते लिहिलेलंच नाही. एक्सेलमध्ये नेहमीचं विचलनाचं सूत्र वापरलं तरी ३.१६ येतं, कारण ते नमुना धरतं. त्या ६३ जणांत ग्रुपवरून उचललेले असतीलच, मी त्यांची बाजू घेत नाही. पण त्यांना शून्य दिलं असतंत आणि एकाने जरी पालकांना घेऊन येऊन हा प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवला असता, तर तुम्ही आणि प्राचार्य दोघेही अडचणीत आला असता.

आणि त्या मुलीची पत्रिका पुन्हा एकदा बघा. जी कुठल्याच ग्रुपवर नाही, तिनेही चौदाव्याला ३.१६ लिहिलंय. कच्चं काम समासात आहे, भागिले ४. त्या प्रश्नाचा गुण ३.१६ वाल्या सगळ्यांना द्या. ग्रुपवाल्यांचे २९ चे ३० होतील, ते या वेळी गिळा. तिचे २० होतील.